आठ अक्षरांचें बक्षीस

आमच्या खिशांत सुटीं नाणीं आतां क्वचितच असतात. भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांनीं ती काळ्या ठिपक्यांची चौकोनी नक्षी समोर टांगून ठेविल्यापासून रुपया खिशांतून उठला आणि मोबाइलमध्यें जाऊन बसला. तथापि एका रुपयाचें एक नाणें आम्हीं मेजाच्या खणांत मुद्दाम राखून ठेविलें आहे. तें खर्चण्यासाठीं नव्हे; खरवडण्यासाठीं.

दुपारीं चारच्या सुमारास, भिवंडींतील आमच्या गल्लीच्या मागील अंगास यंत्रमागांचा खटखटाट अखंड चाललेला असतां, आमची सहा वर्षांची नात जाड कागदाचें एक कार्ड घेऊन येत असे. खणांतलें नाणें ती मागून घेई, कार्डावरची चंदेरी पट्टी खरवडी, आणि पट्टीखालून उगवलेलीं आठ अक्षरें आमच्यापुढें धरून म्हणे, "आजोबा, कोड टाका." मग आम्हीं चष्मा पुसावा, एकेक अक्षर जपून टिपावें, आणि शेवटच्या अक्षराबरोबर पडद्यावर घंटा वाजून पन्नास सोन्याच्या मोहरा एका हिरव्या पोपटाच्या पेटींत खळखळत पडाव्या. नात टाळ्या पिटी. आम्हीही पिटीत असूं. तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकविलेल्या गृहस्थानें एका पोपटाच्या सांपत्तिक उत्कर्षाबद्दल टाळ्या पिटाव्या हें वाचकांस विचित्र वाटेल. परंतु ज्यांच्या घरांत नातवंडें आहेत त्यांस तें वाटणार नाहीं.

या पोपटाची हकीकत अशी. आमची कन्या व जांवई दोघेंही मुंबईस नोकरी करतात. सकाळीं बसनें ठाणें गांठावें, पुढें लोकलनें जावें आणि रात्रीं आठानंतर परतावें, हा त्यांचा नित्यक्रम. शाळा सुटल्यापासून नात आमच्या स्वाधीन. ती इंग्रजी माध्यमाच्या पहिलींत आहे. आणि आपलें मूल वाचनांत मागें तर पडणार नाहीं ना, या शंकेनें हल्लींचे आईबाप जितके बेचैन असतात तितके दुसऱ्या कशानें होत असतील असें आम्हांस वाटत नाहीं. म्हणून कन्येनें गेल्या जून महिन्यांत मुलांस उच्चारांवरून वाचावयास शिकविणारें एक ॲप घेतलें. त्याच्याबरोबर टपालानें एक पेटी आली. तींत लहान लहान अभ्यासपुस्तिका होत्या आणि प्रत्येक पाठामागें एक, अशीं चाळीस कार्डें होतीं. मुलानें पुस्तिकेंतला पाठ मोठ्यानें वाचावा, घरांतल्या मोठ्या माणसानें तो ऐकावा, आणि मग त्या पाठाचें कार्ड खरवडून कोड भरावा. कोड भरला कीं पोपटास मोहरा मिळतात, त्या मोहरांतून त्याला टोप्या, चष्मे आणि मुकुट घेतां येतात, पुढील पाठाचें दार उघडतें, आणि रविवारीं सकाळीं आईच्या फोनवर प्रगतीचा अहवाल जाऊन पोंचतो. कार्डाच्या तळाशीं अगदीं बारीक अक्षरांत छापलेलें होतें कीं, पाठ वाचून झाल्याची खात्री करून घेऊनच कोड भरावा. या बारीक अक्षरांकडे आम्हांला पुढें पुन्हां यावें लागणार आहे.

प्रथमदर्शनीं आम्ही या पद्धतीवर खूष झालों, हें कबूल केलें पाहिजे. आमच्या पिढीचें इंग्रजी पांचव्या इयत्तेंत सुरू झालें. पहिलीपासून इंग्रजी ही महाराष्ट्रांतली गोष्ट २००० सालची. आमच्या गुरुजींनीं आम्हांकडून 'सी-ए-टी कॅट' असें घोकून घेतलें आणि आम्हींही घोकलें. सी, ए आणि टी हीं तीन नांवें एकापुढें एक ठेविलीं तर त्यांचें 'सीएटी' होईल, कॅट कसें होईल, ही शंका आमच्यापैकीं एकालाही आली नाहीं. मराठींत अशी शंका येण्याचें कारणच नसतें. 'क' या अक्षराचें नांवही क आणि उच्चारही क. अक्षर ओळखलें कीं ध्वनि हातीं आला. आमच्या लिपीलाही खोडी आहेतच. 'चार' आणि 'चारा' या दोन शब्दांत च एकच, पण उच्चार दोन. आणि जोडाक्षरांच्या खिंडींत तर चांगले चांगले अडखळतात. परंतु इंग्रजीचा प्रकार निराळा. तेथें सव्वीस अक्षरांनीं चव्वेचाळीसच्या आसपास ध्वनींचा संसार चालवावयाचा. तेव्हां ओढाताण ठरलेली. यासाठीं ही नवी रीत नांवें बाजूस ठेवून ध्वनि आधीं शिकविते. १९९२ सालीं इंग्लंडांत निघालेल्या 'जॉली फोनिक्स' या प्रसिद्ध मालेंत बेचाळीस ध्वनि क्रमानें दिले आहेत, आणि आरंभ ए-बी-सी-डीनें न करतां एस्, ए, टी, आय, पी, एन् या सहा अक्षरांनीं केला आहे. कारण एवढ्या सहांतून मुलाला पहिल्याच आठवड्यांत पिन, टिन, सॅट, नॅप असे कितीतरी शब्द स्वतः जुळवितां येतात. योजना सुरेख खरी. पण ध्वनि जुळविण्याचें काम कंटाळवाणें, नांगरटीसारखें. गोष्टीचें पीक येण्यास अवकाश असतो. तोंवर बैलानें चालत राहावें म्हणून पुढें हिरवा चारा धरावयाचा. तो चारा म्हणजे हे कोड.

पहिले दोन महिने सारें यथास्थित चाललें. नात आमच्या शेजारीं बसे, बोट ठेवून ध्वनि जुळवी, आणि एखादा शब्द अकस्मात् जुळून अर्थ डोळ्यांसमोर उभा राहिला म्हणजे तिची मुद्रा अशी उजळे कीं, मोहरांची गरजच काय, असें आमच्या मनांत येई. आमच्याकडे धुण्याभांड्यास येणाऱ्या बाईंचा मुलगाही तेव्हां दाराशीं उभा राहून हें पाहत असे. तो मराठी शाळेंत दुसरींत. बाप मागावर कामाला, घरची भाषा तेलुगू. भिवंडीच्या पद्मानगरांत अशीं तेलंगणांतून आलेलीं विणकरांचीं घरें पुष्कळ आहेत. त्याला वाचनांत कांहीं गोडी होती असें म्हणवत नाहीं. त्याचें सारें लक्ष पोपटाच्या टोपीकडे.

नोव्हेंबर उजाडला आणि प्रथम वर्षाच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरीं येऊन पडले. उत्तरपत्रिका तपासणें आणि मुलाचें वाचन ऐकणें या दोन गोष्टी एका वेळीं होत नाहींत हें आम्हांस ठाऊक होतें. तरी आम्हीं त्या केल्या. नात वाची, आम्ही लाल पेन्सिल चालवीत 'हं, हं' म्हणत असूं. मुलांचे कान या बाबतींत फार तिखट असतात. आपलें वाचन कोणी ऐकत नाहीं हें तिनें तिसऱ्याच दिवशीं ओळखिलें असावें. एके दिवशीं अर्धाच पाठ वाचून ती कार्ड घेऊन आली. आम्हीं कोड भरला. दुसऱ्या दिवशीं तिनें पाठांतलीं चित्रेंच पाहिलीं. आम्हीं कोड भरला. पडद्यावरच्या प्रश्नांचीही वाट तिनें शोधून काढिली होती. तीन चित्रांपैकीं बरोबर कोणतें, हें विचारीत. चुकल्यास कांहीं जात नसे. तेव्हां तिन्हींवर भराभर बोट मारिलें कीं एक बरोबर निघेच. पुढें पुढें ती एकदम तीन कार्डें खरवडून आणूं लागली. आणि आम्ही? पहिल्यांदा आम्हीं चष्म्यावरून पाहून विचारिलें, "सगळं वाचलंस का ग?" ती म्हणाली, "हो." आम्ही जाणून होतों कीं वाचलेलें नाहीं. ती जाणून होती कीं आम्ही जाणतों. इतका संपूर्ण समझोता मोठमोठ्या मुत्सद्द्यांसही साधत नाहीं.

त्या समझोत्यांत आमचा लाभ काय, तें त्या वेळीं आम्हीं मनाशींही उच्चारिलें नव्हतें. कोड भरण्यास अर्धें मिनिट लागे. मोहरा पडल्यावर नात पोपटाला नटविण्यांत गढून जाई आणि पुढचीं वीस मिनिटें घर शांत होई. एका गठ्ठ्यांतल्या दहा-पांच उत्तरपत्रिका तेवढ्या वेळांत हातावेगळ्या होत. मोहरा पोपटाला मिळत होत्या. खरें बक्षीस आम्हांला मिळत होतें.

डिसेंबरच्या अखेरीस अहवाल आला कीं, आमची नात पांचव्या पातळीस पोंचली. कन्येनें तो कुटुंबांतील सर्वांस धाडिला. पुण्याच्या आत्याबाईंनीं कौतुक केलें, नागपूरच्या मामांनीं आशीर्वाद दिले. आम्हींही जोडलेल्या दोन हातांचें तें पिवळें चित्र पाठवून दिलें.

त्यानंतरच्या रविवारीं कन्येनें ठाण्याहून गोष्टींचें एक पातळ इंग्रजी पुस्तक आणिलें. पानापानावर चित्र आणि खालीं मोठ्या ठशाच्या दोन ओळी. पांचव्या पातळीच्या मानानें सोपेंच. नातीनें तें मांडीवर घेतलें आणि पहिल्या पानापासून घडाघडा म्हणावयास सुरुवात केली. चित्रांत एक कोल्हा होता, एक कोंबडी होती आणि एक तळें होतें. नातीनें सांगितलेली गोष्ट फारच सुरस होती. तींत कोल्ह्याला थंडी वाजून तो कोंबडीकडे चहा मागावयास येतो. छापलेल्या ओळींत मात्र यांपैकीं कांहींच नव्हतें. कन्येनें एका शब्दावर बोट ठेविलें. "हा वाच." नात थांबली. दुसऱ्यावर ठेविलें. नातीनें पुस्तक उलटें केलें, मलपृष्ठ पाहिलें, आंतला पुठ्ठा पाहिला, आणि गोंधळून विचारिलें, "आई, ह्याला कोड कुठंय?"

आमच्या सौभाग्यवती हंसल्या. कन्या हंसली नाहीं. तिनें अहवाल काढिला, पुस्तक पाहिलें, पुन्हां अहवाल पाहिला. "म्हणजे हे सगळे पाठ तू वाचलेच नाहीस? खोटे कोड टाकलेस?" नातीचे डोळे भरून आले. तिनें आईकडे पाहिलें नाहीं, आमच्याकडे पाहिलें. तें पाहणें निमिषमात्रच होतें. मग मान खालीं घालून ती म्हणाली, "हो."

कोड तिला भरतां येत नव्हता. तो आम्ही भरीत होतों. ही एक ओळ त्या वेळीं आमच्या मुखांतून निघती तर प्रश्न तेथेंच मिटता. ती निघाली नाहीं. आम्हीं वर्तमानपत्र उघडलें. सहा वर्षांच्या मुलीनें आम्हांस वांचविलें, आणि आम्हीं स्वतःला वांचवून घेतलें.

पुढचे दोन दिवस कसे गेले तें सांगत नाहीं. सोमवारीं वर्गांत एका विद्यार्थ्यानें हात वर करून नेहमींचा प्रश्न विचारिला, "सर, हें परीक्षेला आहे का?" या प्रश्नावर गेलीं तीस वर्षें आम्ही एक ठराविक उपरोधिक उत्तर देत आलों आहों आणि वर्गही ठराविक हंसत आला आहे. त्या दिवशीं तें उत्तर ओठांवर आलें नाहीं. तो मुलगा तरी निराळें काय विचारीत होता? या पुस्तकाला कोड कोठें आहे, एवढेंच. आणि आम्ही स्वतः? २०१० सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें प्राध्यापकांच्या बढतीसाठीं गुणांकनाची पद्धत आणिली. निबंधाला इतके गुण, चर्चासत्राला इतके, हें कोष्टक हातीं येतांच ज्यांनीं दहा वर्षांत एक निबंध लिहिला नव्हता त्यांनीं वर्षांत तीन लिहिले. त्यांत आमचेही होते. ते कोणीं वाचले असतील तर त्यांची आम्ही क्षमा मागतों.

आम्ही राहतों तें गांवही मोजून दाम देणारें. येथें मागावरचा कामगार मीटरावर मजुरी घेतो. जितकें कापड उतरेल तितके पैसे. त्यांत अप्रामाणिक कांहीं नाहीं. परंतु विणकराचें कापड त्याच्या हातून जाण्यासाठींच असतें. तें ठाण्यास गेलें, सुरतेस गेलें, कोणाच्या अंगावर चढलें, याच्याशीं त्याला कर्तव्य नाहीं. वाचनाचें कापड विणणाऱ्याच्याच अंगावर राहावयाचें असतें. त्याला मीटरनें दाम दिला तर कापड विरळ होतें, आणि उघडा पडतो तो विणणाराच.

ही फसगत नवी आहे असेंही नाहीं. इंग्लंडांत १८६२ सालीं रॉबर्ट लो यांनीं शिक्षणखात्याची सुधारलेली नियमावली अमलांत आणिली. तिचें नांव, योगायोग असा कीं, 'रिव्हाइज्ड कोड'. शाळेच्या सरकारी अनुदानाचा मोठा भाग मुलांची हजेरी आणि वाचन, लेखन व अंकगणित यांची वार्षिक परीक्षा यांवर अवलंबून ठेविला गेला. हेतु सरळ होता: काम दिसेल तर पैसा मिळेल. परिणाम असा झाला कीं, परीक्षेंत येईल तेवढेंच शिकवावें आणि वाचनाचें पुस्तक घोकून घ्यावें अशी शाळांची प्रवृत्ति झाली. मॅथ्यू आर्नोल्ड हे कवि आणि टीकाकार म्हणून आम्ही वर्गांत शिकवितों; ते पोटासाठीं शाळातपासनीस होते, आणि या नियमावलीनें शिक्षण यांत्रिक केलें हें सांगण्यांत त्यांनीं कसूर केली नाहीं. तीस वर्षें आम्हीं आर्नोल्ड शिकविले. ते आमच्याविषयींच बोलत होते हें मात्र पोपटानें शिकविलें.

अलीकडील शास्त्रज्ञांनींही या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. १९७३ सालीं मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन व रिचर्ड निस्बेट यांनीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड येथील बालशाळेंत एक प्रयोग प्रसिद्ध केला. रंगीत लेखण्यांनीं चित्रें काढण्याचा ज्यांना आधींपासूनच नाद होता अशीं मुलें त्यांनीं निवडलीं. कांहींना आधींच सांगितलें कीं, चित्र काढल्यास सोनेरी शिक्क्याचें व फितीचें प्रशस्तिपत्र मिळेल. कांहींना तें अनपेक्षितपणें दिलें. कांहींना दिलेंच नाहीं. एक-दोन आठवड्यांनीं त्याच लेखण्या कसल्याही बक्षिसाविना पुन्हां समोर ठेविल्या, तेव्हां आधीं आमिष दाखविलेलीं मुलें इतरांच्या मानानें सुमारें निम्माच वेळ चित्रांपाशीं रमलीं. ज्यांना अवचित बक्षीस मिळालें त्यांचा नाद मात्र कमी झाला नाहीं.

हें वाचून बक्षिसें समूळ वाईट असा निकाल देऊन मोकळें होण्याचा मोह पडतो. परंतु तोही घाईचा ठरेल. २०११ सालीं अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर यांनीं अमेरिकेंतील कांहीं शहरांतले प्रयोग प्रसिद्ध केले. डॅलस येथें दुसरींतल्या मुलांना पुस्तक वाचून त्यावरील लहानशी चांचणी दिल्यास पुस्तकामागें दोन डॉलर देण्यांत आले, आणि त्यांपैकीं इंग्रजी बोलणाऱ्या मुलांची वाचनाची समज वाढली. उलट न्यूयॉर्क येथें परीक्षेंतील यशासाठीं व शिकागो येथें वर्गांतील श्रेणींसाठीं पैसे देऊनही कसोट्यांतली मजल वाढली नाहीं. म्हणजे बक्षीस कशाला दिलें, वाचण्याला कीं वाचल्याच्या शिक्क्याला, आणि कोणाला दिलें, हें पाहिल्याखेरीज निवाडा होत नाहीं.

या निवाड्याचा पुरावा आमच्याच दाराशीं उभा होता. बाईंच्या मुलासाठीं आम्हीं पोपटाच्या ॲपमध्यें दुसरें खातें उघडून दिलें होतें. पण कार्डें एकाच मुलाचीं; त्यामुळें त्याच्या वाट्याला कोड नव्हते. पडद्यावरचा धडा खरोखर पुरा करून मिळतील तेवढ्याच मोहरा. त्याचा पोपट महिनाभर बोडका होता. त्या एका टोपीसाठीं तो मुलगा जिवाच्या आकांतानें ध्वनि जुळवीत बसे. आणि इंग्रजी जड जातें असें दिसल्यावर आम्हीं त्याला आमच्या फोनवर गूगलनें काढलेलें वाचनाचें ॲप दिलें. २०१९ सालीं तें 'बोलो' या नांवानें निघालें, पुढें 'रीड अलाँग' झालें. त्यांत दिया नांवाची चित्रांतली मुलगी मुलाचें वाचन ऐकते, अडेल तेथें शब्द सांगते आणि तारे देते. मराठी गोष्टीही त्यांत होत्या. त्या ताऱ्यांसाठीं तो मराठी वाचूं लागला आणि एके दिवशीं ताऱ्यांना विसरून एकच गोष्ट तीन वेळां वाचीत बसला. त्याच्या घरीं वाचून दाखविणारें कोणी नव्हतें; त्याला दाराच्या आंत आणण्यास कांहींतरी चकाकणारें हवें होतें, आणि दियाचे कान कोणाच्या उत्तरपत्रिकांत गुंतलेले नव्हते. आमची नात दाराच्या आंत होतीच. तिला मोहरांची गरज नव्हती. आमच्या कानांची होती. ते आम्हीं काढून घेतले आणि त्यांच्या जागीं मोहरा ठेविल्या.

मंगळवारीं रात्रीं कन्या मुलीला न्यावयास आली तेव्हां आम्हीं तिला गॅलरींत बोलावून सारें सांगितलें. कोड आम्हीं भरले. वाचलेलें नाहीं हें ठाऊक असतांना भरले. आणि रविवारीं ती खोटें ठरत असतां आम्ही बसून राहिलों. मागांच्या खटखटाटांत आमचा आवाज आम्हांसच धड ऐकूं येत नव्हता. कन्या रागावेल असें वाटलें होतें. ती रागावली नाहीं. बराच वेळ गप्प राहून तिनें एवढेंच विचारिलें, "बाबा, मग रोज त्या वेळात तुम्ही करत काय होतात?"

"पेपर तपासत होतो," आम्ही म्हणालों. उत्तर खरें होतें. आणि खऱ्या उत्तराची इतकी लाज आम्हांला पूर्वीं कधीं वाटली नव्हती.

ती आंत गेली आणि झोपाळलेल्या मुलीला जवळ घेऊन कांहीं बोलली. काय बोलली तें आम्हांला ऐकूं आलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं दुपारीं नात आली ती मात्र आमच्याशीं अबोला धरूनच. तिनें पदरांत घेतलेला आरोप आम्हीं परत घेतला होता, यामुळें ती सुखावेल अशी आमची कल्पना. पण आपल्यावर संकट येऊं देऊन मग दोन दिवसांनीं तें उचलणाऱ्या आजोबांविषयीं तिचें मत तिनें स्वतंत्रपणें बनविलें असावें. आम्हीं तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "बरं." तेवढेंच.

मग आम्हीं मागें जाऊन पहिल्या पुस्तिकेपासून आरंभ केला. ॲपमध्यें मागें जातां येतें, पण दिलेल्या मोहरा परत घेतां येत नाहींत. त्यामुळें मुकुट, चष्मा आणि लाल उपरणें ल्यालेला तो श्रीमंत पोपट आमच्या प्राथमिक धड्यांवर अध्यक्षासारखा विराजमान असे. चार ते साडेचार हा वेळ आम्हीं तिच्यासाठीं राखिला. लाल पेन्सिल खणांत, त्या नाण्याशेजारीं. काम सोपें नव्हतें. मोहरांची चटक लागलेल्या मुलीला पाठ कोरडा वाटे. कधीं ती पुस्तक ढकलून देई, कधीं चार ओळींनंतर जांभई. आम्हांलाही, सत्य सांगावयाचें तर, कंटाळा येई. मुलाचें अडखळतें वाचन ऐकणें हें अध्यात्म नव्हे. 'ट' आणि 'प' यांची दहाव्या वेळीं गांठ पडतांना पाहणें आहे. परंतु तो कंटाळा वांटून घेणें यालाच बहुधा शिकविणें म्हणत असावे. आम्ही तीस वर्षें व्याख्यानें देऊन तें टाळीत आलों होतों.

कोड आम्हीं बंद केले नाहींत. राहिलेलीं कार्डें दोन्ही मुलांत वांटून घेतलीं. वाचून झालें तर खरवडावें, आणि कधीं न सांगतां एखादें अधिक. बाईंच्या मुलाच्या पोपटाला अखेर टोपी मिळाली. ती फार महाग आणि फार कुरूप होती, परंतु त्यानेंच निवडलेली.

गेल्या आठवड्यांत नातीचें तें कोल्ह्या-कोंबडीचें पुस्तक आम्हांस दिवाणाच्या गादीखालीं सांपडलें. उघडून पाहिलें तों नवव्या पानांत एक कार्ड घातलेलें. चंदेरी पट्टी खरवडलेली, आठ अक्षरें स्वच्छ दिसत होतीं, आणि कोड भरलेला नव्हता. आठव्या पानापर्यंत वाचून झालें होतें. पुढें कोठून वाचावयाचें याची खूण म्हणून तिनें कार्ड तेथें ठेविलें होतें. आम्ही बराच वेळ तें पान धरून बसलों. मनांत अनेक थोर विचार आले; या निबंधाचा एक अत्यंत सुंदर शेवटही सुचला.

इतक्यांत नात आली. कार्ड आमच्या हातांत पाहून तिच्या डोळ्यांत चमक आली. "आजोबा, हा राहिलाच की! टाका ना," ती म्हणाली.

"आधीं नववें पान," आम्ही म्हणालों, आणि थोडें सरकून तिला बसावयास जागा करून दिली.